खाणावळवाल्यांना मिळालेली पत

कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरणगावात एकटे आलेले कामगार जेवायचे ते चाळीतल्या खाणावळवाल्यांकडे. नवऱ्याची नोकरी गेलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, विधवा अशा कितीतरी बाया छोट्याशा खोलीत पहाटेच चूल पेटवून पाळीगणिक ताटं वाढत. कामगार पैसे देणार महिन्याने, पगार झाल्यावर. पीठ-तांदूळ मात्र रोज हवेत. मधल्या दिवसांत वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज कमाई खाऊन टाकी. भांडीकुंडी, कधी मंगळसूत्रही गहाण पडे.

गोवा मुक्तिलढ्यातून घडलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये याच बायांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, पण तारण नसलेल्या बाईला दारात कोण उभं करणार? मंडळाने गट बांधले, गटातल्या बाया एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचं कर्ज थेट त्यांच्या हाती आलं. माझ्या मते मंडळाचं सर्वांत मोठं काम हेच: घरकाम म्हणून दुर्लक्षिलेल्या रांधपाला बँकेने धंदा मानलं.

१८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपाने गिऱ्हाईकच तुटलं. ‘अन्नपूर्णा’ने मात्र स्वयंपाकघर, प्रशिक्षण आणि निराधार स्त्रियांसाठी निवारा अशी कामं पुढे वाढवली. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.