पाकिटावरचं ‘पेप अप’ म्हणजे नेमकं काय?



चहा मसाल्याच्या पाकिटावर, टीव्हीच्या जाहिरातीत, मुलांच्या बोलण्यात ‘पेप अप’ हे शब्द हल्ली ऐकू येतात. आपल्या काही गटांनाही लेबलवर इंग्रजीत एखादी ओळ हवी असते. मग छापायच्या आधी तिचा अर्थ आपल्याला माहीत असलेला बरा.

‘पेप’ हा ‘पेपर’चा तुकडा. पेपर म्हणजे मिरी, वर्तमानपत्र नव्हे! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या बोलीत मिरीचा हा तुकडा ‘जोम, तडफ’ या अर्थाने रुळला. आणि ‘पेपर’ आला कुठून? लॅटिन आणि ग्रीक भाषेतून मागे मागे जात शेवटी संस्कृत ‘पिप्पली’पर्यंत. आपल्या सुंठ-मिरी-पिंपळीतली पिंपळी! गंमत म्हणजे इंग्रजीत ‘जिंजर अप’ असंही म्हणतात, म्हणजे आलं घालून जोर आणणे. आजीच्या काढ्याचं सामान इंग्रजीत जाऊन क्रियापद झालं म्हणायचं.

तर ‘पेप अप’ म्हणजे मंद, फिक्या, कंटाळवाण्या गोष्टीत काहीतरी घालून जान आणणे. मराठीत त्याला एकच शब्द नाही, आणि ते चांगलंच आहे. माणसाला तरतरी येते, बैठकीत रंगत येते, आमटीची लज्जत वाढते. इंग्रजीत तिन्हीकडे ‘पेप अप’ चालतं.

वापरताना एक गोष्ट सांभाळायची. ‘बैठकीत जान आणूया’ याला ‘लेट्स पेप अप द मीटिंग’ म्हणता येतं. पण मीटिंगऐवजी ‘इट’ म्हणायचं असेल तर ते मध्ये बसतं: ‘लेट्स पेप इट अप’. ‘पेप अप इट’ चुकीचं. माणसाचंही तसंच: ‘टी पेप्ड मी अप’, चहाने मला तरतरी आली. स्वतःहून टवटवीत झालात तर मात्र ‘पर्क अप’ जास्त शोभतं: ‘आय पर्क्ड अप’. दोन्ही शब्द घरगुती बोलण्यातले आहेत. बँकेच्या अर्जात किंवा गटविकास अधिकाऱ्यांच्या पत्रात नकोत. आणि ‘पेप पिल’ तर कुठेच लिहू नका. नशा-उत्तेजना देणाऱ्या गोळ्यांना इंग्रजीत तसं म्हणतात. आपल्या डिंकाच्या लाडवाला ते नाव पडलं तर काय होईल, विचार करा!

आता लेबल. चहा मसाल्यावर ‘पेप्स अप युअर टी’ लिहिलं तर ठीक आहे, कारण मसाल्याने चहाची चव खरंच वाढते. पण नाचणीच्या लाडवावर ‘अशक्तपणा घालवतो’, ‘रक्त वाढवतो’ असं छापणं वेगळं. ते इंग्रजीत लिहिलं म्हणून सुटका होत नाही. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८चे नियम आहेत. दावा खरा हवा, दिशाभूल करणारा नको, आणि पदार्थाने आजार बरा होतो असं म्हणता येत नाही. शहरातल्या प्रदर्शनात गिऱ्हाईक पाकीट उलटून वाचतं, हे तुम्ही पाहिलंच असेल.

मला हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण आपण स्वतःच या शब्दाला फसतो. दुपारी गळून गेलं की अर्धा कप चहा, परत कामाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे गटात दहा जणी असतील, तर त्यातल्या पाच-सहा जणी. ताई, चहाने तरतरी येते, रक्त वाढत नाही. उलट जेवणासोबत किंवा जेवण झाल्या झाल्या चहा घेतला, तर अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो. तासभर थांबा. जिना चढताना धाप लागते, चक्कर येते, सारखा थकवा असतो, तर आशाताईंशी बोला आणि आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. हा थकवा ‘पेप अप’ने जाणारा नाही.

ज्या गटांचे स्टिकर छापायचे आहेत, त्यांनी मजकूर हाताने लिहून प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीला आणावा. ऑर्डर त्यानंतर द्या. एकदा हजार स्टिकर छापून आले की खोडता येत नाहीत.