देवयानीकडून आलेला निरोप

विज्ञानकथेच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो : आधी पुस्तक की आधी मालिका? आपल्याला सवय आहे ती आधी पुस्तक असण्याची. कादंबरी गाजते आणि मग कोणीतरी तिचा चित्रपट काढतो. पण एका नामवंत शास्त्रज्ञाने हा क्रम उलटा केला होता. त्यांचे नाव फ्रेड हॉइल. आपले डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला ज्यांच्या हाताखाली संशोधन करीत होते, तेच हे हॉइल.

3 ऑक्टोबर 1961 रोजी बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर 'ए फॉर अँड्रोमिडा' ही सात भागांची मालिका सुरू झाली. कथानक हॉइल यांचे होते. ते पटकथेत बसवले जॉन एलियट यांनी. पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, दोघांच्या नावावर याच कथेची कादंबरी निघाली. अँड्रोमिडा म्हणजे आपली देवयानी.

कथा अशी. नव्या रेडिओ दुर्बिणीवर देवयानीच्या दिशेने एक संदेश येतो. जॉन फ्लेमिंग नावाचा तरुण शास्त्रज्ञ तो उलगडतो. तो निघतो एक संगणक बांधण्याचा आराखडा! संगणक बांधला जातो. मग तो प्रयोगशाळेतल्या माणसांनाच कामाला लावतो आणि सजीव निर्माण करण्याच्या सूचना देऊ लागतो. फ्लेमिंगला शंका येते, की ही भेट आहे की सापळा? सरकारला मात्र त्या यंत्रापासून होणाऱ्या फायद्याची घाई झालेली असते.

इथे हॉइल यांच्यातला भौतिकशास्त्रज्ञ दिसतो. त्यांनी उडत्या तबकड्या आणल्या नाहीत. जालन्याहून मोसंबीची पेटी मुंबईला धाडायची तर मालट्रक लागतो. पण मोसंबीचे कलम कसे बांधायचे हे कळवायला एक पोस्टकार्ड पुरते. ताऱ्यांमधल्या अंतरांवर हाच हिशेब लागू पडतो. यान पाठवायला प्रचंड ऊर्जा हवी. रेडिओलहर सेकंदाला 3 लाख किलोमीटर वेगाने स्वतःच धावते. म्हणून वस्तू पाठवू नका, कृती पाठवा.

कल्पना हवेतली नव्हती. मालिकेच्या आदल्याच वर्षी, 1960 मध्ये, फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बीण दोन जवळच्या ताऱ्यांकडे वळवून असे संदेश येतात का ते पाहिले होते. काही आले नाही, ही गोष्ट वेगळी. 1974 मध्ये तर माणसानेच आरेसिबोच्या दुर्बिणीवरून एक निरोप पाठवला. त्यात 0 आणि 1 असे एकूण 1679 अंक होते. 1679 का? कारण ही संख्या फक्त 23 आणि 73 या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे. अंक त्या आकाराच्या चौकटीत मांडले की चित्र उमटते. चौकटीच्या कागदावर स्वतः असा एखादा निरोप तयार करून मित्राला द्या. मोठी गंमत येते.

आता थोडे गणित. आरेसिबोचा निरोप सेकंदाला 10 अंक या गतीने गेला, म्हणजे तीन मिनिटांच्या आत संपला. माणसाच्या जनुकीय आराखड्यात सुमारे 3 अब्ज अक्षरजोड्या असतात. अक्षरे चारच, म्हणून प्रत्येक जोडीला 0-1 चे दोन अंक पुरतात. एकूण 6 अब्ज अंक. त्याच गतीने पाठवायचे तर 60 कोटी सेकंद लागतील. वर्षाचे सेकंद सुमारे 3 कोटी 15 लाख. भागाकार करा : 19 वर्षे!

याहून मोठी अडचण आहे. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तिथून निघालेला निरोप आज पोचला, तर तो निघाला तेव्हा पृथ्वीवर आपली मानवजात जन्मालाही आली नव्हती. मग पाठवणाऱ्याला माणूस कसा ठाऊक असणार? कथेत याची सोय आहे. संदेशात माणसाची कृती नाही, शिकू शकणाऱ्या यंत्राची आहे. ते यंत्र इथल्या जीवसृष्टीची माहिती इथेच गोळा करते. प्रयोगशाळेतल्या ख्रिस्तीन नावाच्या मुलीचा त्यात बळी जातो आणि पुढे यंत्राच्या सूचनेने घडलेल्या 'अँड्रोमिडा'ला तिचाच चेहरा मिळतो.

पडद्यावर हे दाखवणे सोपे होते. दोन्ही भूमिका ज्यूली ख्रिस्ती या एकाच नटीने केल्या. प्रेक्षकांनी चेहरा पाहिला की काम झाले. कागदावर चेहरा दिसत नाही. तिथे लेखकाला तो धक्का सहकाऱ्यांच्या नजरेतून, शब्दांत उभा करावा लागतो. उलट, पडद्यावर अंकांची पट्टी दोन क्षणांत सरकून जाते, तर वाचक तिथे थांबतो आणि पेन्सिल घेऊन आकडे ताडून पाहतो. म्हणून पुस्तकात विज्ञान अधिक चोख हवे. माझ्या मते या कादंबरीत पटकथेचा सांगाडा अधूनमधून डोकावतोच. माणसे फार बोलतात, विचार कमी करतात. पण कथेचा वेग त्यामुळेच टिकला आहे.

दुसरी मालिका 'द अँड्रोमिडा ब्रेकथ्रू' 1962 मध्येच आली आणि तिची कादंबरी 1964 मध्ये. शिष्यानेही या वाटेवर पाऊल टाकले. नारळीकरांनी 1974 मध्ये 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत जमिनीखालून मिळालेल्या ठेव्यातून अतिप्रगत तंत्रज्ञान हाती येते, आणि फ्लेमिंगला पडलेला प्रश्न पुन्हा उभा राहतो : न मागता मिळालेले ज्ञान घ्यावे का? गुरुशिष्यांची ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत.

मूळ मालिकेचे पुढे काय झाले? त्या काळी चित्रफिती महाग असत. जुने कार्यक्रम पुसून त्यांच्यावर नवे मुद्रित करीत. 'ए फॉर अँड्रोमिडा'चेही बहुतेक भाग असेच गेले. सातांपैकी केवळ सहावा भाग पूर्ण मिळाला आहे, आणि बाकीच्यांतली काही तुटक दृश्ये. फ्लेमिंगने संदेश कसा उलगडला, हे आज पहिल्यापासून शेवटपर्यंत जाणून घ्यायचे, तर ग्रंथालयात जाऊन कादंबरीच मागावी लागते.