इन्व्हर्टर विकण्याआधी घर बघा: बॅटरी ठेवायची कुठे?

मेहरूणसारख्या भागात इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान टाकायचं असेल, तर किंमत आणि वॉरंटी पाठ करण्याआधी बॅटरीची जागा ठरवायला शिका.

जळगावचा मे महिना तुम्हाला काय सांगायचा! पारा 44-45 ला जातो. आपण विकतो त्या लेड-ॲसिड बॅटरीला साधारण 25 अंश मानवतात. त्यावर सतत 10 अंश जास्त राहिले की आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणून गच्चीवरची पत्र्याची शेड बाद, पश्चिमेची उन्हातली गॅलरीही बाद. बॅटरी लवकर बसली की गिऱ्हाईक उन्हाला बोलत नाही, तुम्हाला बोलतं.

दुसरी गोष्ट वायूची. चार्जिंग पूर्ण होत आलं की बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला की एका ठिणगीने पेटू शकतो. हलका असल्याने तो वर चढतो. बंद कपाटात खाली बॅटरी आणि बरोबर तिच्या डोक्यावर इन्व्हर्टर, हे दिसायला नीटनेटकं, पण धोक्याचं. लाइट गेली की इन्व्हर्टरच्या रिलेत बारीक ठिणगी पडू शकते, शिवाय आम्लाच्या वाफेने आतलं सर्किट खराब होतं. इन्व्हर्टर बाजूच्या भिंतीवर घ्या. वरून हवा जायला वाट हवी. देवघर आणि गॅसच्या शेगडीपासून लांब. जिन्याखाली चालेल का? समोरून उघडं असेल तर चालेल. दार लावून आत रद्दी भरणार असतील तर नाही.

नवीन पोरं फसतात ती वायरमध्ये. बॅटरी बाहेर, इन्व्हर्टर हॉलमध्ये, अशी मागणी हमखास येते. हिशोब करा: 600 वॉटचा लोड 12 व्होल्टवर 50 अँपिअर ओढतो, घट धरून 60. तोच लोड 230 व्होल्टवर तीन अँपिअरसुद्धा घेत नाही. दोघांत 5 मीटर अंतर ठेवून 10 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली, तर जाता-येता एक व्होल्टहून जास्त वाटेतच संपतो आणि वायर तापते ती वेगळीच. बॅकअप कमी, तक्रार सुरू! म्हणून दोन्ही जवळजवळ ठेवा आणि लांब वायर न्यायचीच तर इन्व्हर्टरपासून बोर्डाकडे न्या. बॅटरीच्या प्लस टर्मिनलजवळ फ्यूज, टर्मिनलवर टोप्या. पाना दोन्ही टर्मिनलवर आडवा पडला तर काय होतं, ते बघायची वेळ येऊ नये.

150 एएचची ट्यूब्युलर 50 किलोच्या वर भरते, म्हणून ट्रॉली सपाट फरशीवरच. डिस्टिल्ड वॉटर ओतायला वर हातभर जागा सोडा.

कोटेशनमध्ये वायर, लग आणि ट्रॉली वेगळी लिहा. फुकट देतो म्हणालात की बारीक वायर टाकायचा मोह होतोच.