यंत्राची कैफियत

पंचवटीतून दिंडोरी रस्त्याने बाजार समितीच्या आवाराकडे पहाटे निघालेल्या माणसास हमालांची लगबग आणि भाज्यांच्या जुड्या दिसण्यापूर्वी इंजिनांचे आवाज ऐकू येतात. रात्रभर गारठ्यात उभ्या राहिलेल्या टेंपोंपैकी बहुतेक दोनतीन आचक्यांनंतर पांढरा धूर सोडून धडधडू लागतात. एखादा मात्र नुसताच गरगरत राहतो. अशा वेळी जो मिस्त्री पान्याला हात घालण्याआधी सायलेन्सरपाशी उभा राहून धूर निरखतो, त्याच्याच हाती गाडी सोपवावी, असे माझे अनेक वर्षांच्या अनुभवाअंती मत झाले आहे.

इंजिनाचा व्यवहार मुळात सरळ आहे. पेट्रोलच्या इंजिनात दाबलेल्या मिश्रणाला प्लगची ठिणगी पेटवते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते, आणि १८९७ साली रुडॉल्फ डीझेलने आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या तत्त्वानुसार, अत्यंत दाबलेली हवा स्वतःच इतकी तप्त होते की तीत फवारलेले तेल आपोआप पेट घेते. म्हणून चालू न होणाऱ्या इंजिनाची चौकशी इंधन, कॉम्प्रेशन आणि पेट्रोलचे असल्यास ठिणगी, एवढ्यांपुरतीच असते. बाकी सारा तपशील.

धूर ही इंजिनाची जबानी होय. धूर काळा असेल तर हवेच्या मानाने डिझेल अधिक जाते, आणि मळ्यांच्या धुळीतून फिरणाऱ्या गाड्यांत चोंदलेला एअर फिल्टर हेच त्याचे नेहमीचे कारण. निळसर धूर म्हणजे रिंगा झिजून ऑइल जळू लागल्याची खूण. थंड इंजिनाच्या पांढऱ्या धुराची चिंता नको. परंतु इंजिन तापल्यावरही तो हटेना आणि रेडिएटरचे पाणी घटत चालले, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा.

एका द्राक्षहंगामात आमच्या घरच्या ट्रॅक्टरने काळा धूर ओकण्यास आरंभ केला, तेव्हा एका कारागिराने मुलाहिजा न करताच इंजिन खोलण्याचा निवाडा दिला होता. आडगाव नाक्याकडच्या एका वृद्ध मिस्त्रीने मात्र इंजिन चालू ठेवून प्रत्येक नोजलच्या नळीचा नट क्रमाने ढिला केला. पहिल्या दोहोंवेळी इंजिन अडखळले. तिसऱ्या वेळी आवाजात यत्किंचितही फरक पडला नाही. दोष तेथेच होता. ते नोजल काढून हातपंपाच्या टेस्टरवर लावले, तेव्हा धुक्यासारख्या फवाऱ्याऐवजी त्यातून थेंब ठिबकत होते. त्यातील सुई आणि तिचे घर यांत अवघ्या दोनतीन मायक्रॉनची फट असते, त्यामुळे डिझेलमधला पाण्याचा अंश वा कचऱ्याचा सूक्ष्म कणही तिचा घात करतो. गोदावरीपलीकडे सातपूरला, पूर्वी ‘मायको’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बॉशच्या कारखान्यात, ही नोजले तयार होतात. घरातल्या ट्रॅक्टरचा जीव ज्या सुईवर अवलंबून, ती आपल्याच गावची, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला.

पंचवटीला आणखी एका दुखण्याची धास्ती असते. गोदेला पूर आला की तो घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढला, यावरून गाव त्याचे माप घेते. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनी हे माप नव्या पिढीलाही शिकविले. अशा पुरात घाटाकाठी उभ्या राहिलेल्या वाहनांचे सर्वाधिक नुकसान पाण्यापेक्षा पाणी ओसरल्यानंतरच्या घाईने होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असता सेल्फ मारला, तर वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जे काम साफसफाईवर आणि ऑइल बदलण्यावर निभावले असते, त्यासाठी मग संपूर्ण इंजिन उतरवावे लागते.

तेव्हा गाडी बुडाली असेल तर चावीला हात लावू नका. बॅटरीची तार सोडवा, ऑइलची पट्टी काढून ते दुधाळ झाले आहे काय ते पाहा, आणि गाडी ढकलत नव्हे, गिअरमधून काढून ओढत मिस्त्रीकडे न्या. प्लग किंवा नोजले काढून इंजिन हाताने फिरविल्यावर आतले पाणी बाहेर आले, म्हणजेच सेल्फ मारण्याची वेळ झाली.