विश्लेषण : पित्तनलिकेतला स्टेंट काढायचा राहून गेला तर?

परळचे केईएम, टाटा आणि शीवचे टिळक रुग्णालय वडाळ्याहून काही किलोमीटरवर. तिथून कावीळ उतरून घरी आलेल्या अनेकांच्या डिस्चार्ज कार्डावर एक ओळ असते : ‘स्टेंट तीन महिन्यांनी काढणे किंवा बदलणे.’ खाज थांबते, भूक लागते आणि ही ओळ विसरली जाते. हृदयातला स्टेंट कायमचा असतो, मग हाही तसाच, असा समजही असतो. तो चुकीचा आहे.

हा स्टेंट काय करतो?

खडा किंवा गाठीमुळे पित्तनलिका तुंबली की पित्त रक्तात उतरते. ‘ईआरसीपी’ प्रक्रियेत तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेत प्लास्टिकची नळी बसवतात. जर्मनीतील हॅम्बुर्गचे डॉ. निब सोहेंद्र यांनी हा उपाय 1979 मध्ये प्रथम मांडला. ही नळी जेमतेम तीन मिलिमीटर रुंद असते. तिच्यात जंतूंचा थर आणि गाळ साचून ती काही महिन्यांत बंद पडते. मग पुन्हा कावीळ होते, थंडी वाजून ताप येतो. हा ताप घरी गोळी घेऊन काढण्याचा नाही. संसर्ग रक्तात पसरू शकतो. वर्षानुवर्षे राहिलेल्या नळीभोवती खडा धरतो. अशी नळी दुर्बिणीतून निघाली नाही, तर पोट उघडावे लागते.

नळी जागेवरून हलली तर?

ती कधी वर सरकते, कधी आतड्यात उतरते. उतरलेली नळी बहुतेक वेळा शौचावाटे निघून जाते, रुग्णाला कळतही नाही. क्वचित मात्र ती अडकते आणि आतड्याला भोक पाडते. बहुधा हे लहान आतड्याच्या सुरुवातीलाच घडते. हर्निया, जुन्या शस्त्रक्रियेनंतर चिकटलेली आतडी किंवा मोठ्या आतड्यातल्या पिशव्या असतील, तर पुढेही घडू शकते. आतडे आणि मूत्राशय यांच्यात वाट तयार झाल्याच्याही नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

अशा वेळी दुखते ओटीपोटात आणि स्टेंट बसवलेला असतो यकृताखाली. दोन्हींचा संबंध रुग्णाच्या लक्षात येत नाही, आणि नव्या डॉक्टरला स्टेंटची माहितीच नसते. टाटात उपचार घेऊन उत्तर प्रदेश-बिहारला परतलेल्यांची हीच अडचण. तिथल्या डॉक्टरला स्टेंटबद्दल सांगितले, तर पोटाच्या साध्या एक्स-रेतही तो सहसा दिसतो.