दाराबाहेरची पाटी

आजोबांनी पुण्याहून सागवानी पाटी आणली आहे. तिच्यावर तुमचं आडनाव देवनागरीत कोरलंय. ती मिल्टनच्या घराबाहेर, दाराशेजारी लावायची आहे. लाकूड दिसायला हवं, म्हणून रंग नको, पारदर्शक वॉर्निश हवं. कोणतं घ्याल?

वॉटर-बेस्ड घ्या. त्याला वास कमी येतो, ते लवकर सुकतं आणि ब्रश साबणाच्या पाण्याने धुता येतो. डब्यात ते दुधासारखं पांढरं दिसेल. घाबरू नका, सुकलं की पारदर्शक होतं!

पण डब्यावर 'एक्स्टीरियर' लिहिलंय का, ते बघा. ओल आणि थंडी-उन्हामुळे लाकूड फुगतं, आकसतं. बाहेरचं वॉर्निश त्याच्याबरोबर थोडं ताणलं जातं. घरातल्या टेबलाचं वॉर्निश मात्र तडकतं. 'यूव्ही'पासून संरक्षण आहे का, हेही वाचा. साध्या पारदर्शक थरातून ऊन आरपार जातं. मग खालचं लाकूड खराब होतं आणि वरचे पापुद्रे सुटतात.

सागवानात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे वॉर्निश नीट धरत नाही. म्हणून पाटी सँडपेपरने घासा, धूळ पुसा आणि त्याच दिवशी पहिला हात द्या. (इथे 'हात' म्हणजे थर!) हात पातळच द्या. पाटीच्या कडा आणि मागची बाजू विसरू नका. पाणी तिथूनच शिरतं. हे काम उन्हाळ्यात करा. उरलेला डबा हिवाळ्यात थंड गॅरेजमध्ये ठेवू नका. वॉर्निश गोठलं की वाया जातं.

पुढच्या वसंतात पाटीवर पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब लाकडात मुरले, तर अजून एक हात हवा.