डी अँझा कॉलेज : महागड्या गावातले स्वस्त शिक्षण

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा खोऱ्यात, ॲपल कंपनीमुळे जगभर ठाऊक झालेल्या क्युपर्टिनो शहरात, स्टीव्हन्स क्रीक बुलेव्हार्ड या हमरस्त्याला लागून डी अँझा कॉलेजचा सुमारे ११२ एकरांचा परिसर आहे. १९६७ साली सुरू झालेले हे सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज आहे. म्हणजे पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे आणि व्यवसायाला उपयोगी पडणारे अल्प मुदतीचे शिक्षण देणारी, स्थानिक मालमत्ता कर व राज्याचे अनुदान यांवर चालणारी आणि प्रवेशासाठी गुणांची कोणतीही अट न घालणारी संस्था. स्पॅनिश वसाहतकारांचा तांडा कॅलिफोर्नियात आणून १७७६ साली याच भागातून गेलेल्या आणि इथल्या ओढ्याजवळ मुक्काम केलेल्या हुआन बाउतिस्ता दे आन्सा या अधिकाऱ्याचे नाव तिला दिलेले आहे. जवळच असलेले फूटहिल कॉलेज तिच्याहून थोडे जुने असून दोन्ही महाविद्यालयांचा कारभार एकच निर्वाचित विश्वस्त मंडळ पाहते.

आज संगणक उद्योगाशी जोडले गेलेले हे खोरे महाविद्यालय उभे राहिले तेव्हा जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागांसाठी प्रसिद्ध होते, आणि त्या काळाची खूण परिसरात अजून उभी आहे. चार्ल्स बाल्डविन या धनिकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे द्राक्षमळा आणि मद्यनिर्मितीचा कारखाना काढला व विलिस पोक या वास्तुविशारदाकडून फ्रान्समधील व्हर्सायच्या छोट्या राजवाड्याच्या धर्तीवर एक बंगला बांधून घेतला. ‘ल पती त्रियानों’ याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या बंगल्यात आता कॅलिफोर्नियाच्या इतिहासाचे अभ्यासकेंद्र आहे. १९७१ साली उभारलेल्या फ्लिंट सेंटर या नाट्यगृहाची कीर्ती मात्र वेगळ्याच कारणाने झाली, कारण २४ जानेवारी १९८४ रोजी ॲपलने आपला मॅकिन्टॉश संगणक त्याच रंगमंचावर जगापुढे आणला. हे नाट्यगृह २०१९ साली कायमचे बंद करण्यात आले. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझनिॲक हे बर्कलेच्या विद्यापीठात जाण्यापूर्वी काही काळ डी अँझाचे विद्यार्थी होते, ही गोष्ट स्थानिक लोक अभिमानाने सांगतात. परंतु महाविद्यालयाचे खरे काम अशा एका नावावरून कळत नाही.

ते काम समजण्यासाठी १९६० सालच्या ‘मास्टर प्लॅन’कडे, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या उच्च शिक्षणाच्या राज्यव्यापी आराखड्याकडे, पाहावे लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष क्लार्क कर यांच्या पुढाकाराने आखलेल्या या योजनेत शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एकतृतीयांशासाठी राज्य विद्यापीठ आणि उरलेल्या सर्वांसाठी कम्युनिटी कॉलेजे अशी विभागणी करण्यात आली, आणि तळच्या पायरीवर प्रवेश घेतलेल्याला दोन वर्षांनी वरच्या विद्यापीठांत तिसऱ्या वर्षाला जाता यावे, अशी वाटही ठेवण्यात आली. या वाटेला तिथे ‘ट्रान्सफर’ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पदवी शिक्षण देणाऱ्या नऊ शाखांपैकी सहा ठरावीक विषय आणि गुण पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कले, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो या तीन शाखा तशी हमी देत नाहीत. डी अँझाची राज्यभर ओळख आहे ती मुख्यतः ट्रान्सफरसाठी, आणि क्युपर्टिनोतील सुस्थितीतील घरांतली मुलेही केवळ त्याच हेतूने इथे दोन वर्षे काढतात.

शुल्काचा इतिहास उद्बोधक आहे. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजे १९८४ पर्यंत राज्यातील रहिवाशांसाठी विनाशुल्क होती. १९७८ साली सार्वमताने मंजूर झालेल्या ‘प्रपोझिशन १३’ या तरतुदीने मालमत्ता करावर मर्यादा घातली, महाविद्यालयांचा स्थानिक आधार खचला, त्यांचा भार राज्याच्या तिजोरीवर आला आणि काही वर्षांतच प्रत्येक श्रेयांकामागे ५ डॉलर आकारणे सुरू झाले. मंदीच्या प्रत्येक लाटेत हा आकडा वाढत जाऊन २०१२ साली सत्र पद्धतीच्या एका श्रेयांकाला ४६ डॉलरवर पोहोचला. डी अँझात वर्षाचे सत्रांऐवजी तिमाहींत विभाजन होत असल्याने तिथे हाच दर श्रेयांकामागे ३१ डॉलर पडतो. त्या हिशेबाने ट्रान्सफरला लागणाऱ्या ९० श्रेयांकांचे मूळ शुल्क २,७९० डॉलर होते, तर कॅलिफोर्निया विद्यापीठात एकाच वर्षाचे शुल्क १४ हजार डॉलरच्या आसपास आहे. शिवाय कमी उत्पन्नाच्या रहिवाशांना श्रेयांकाचे शुल्क पूर्ण माफ होते, आणि प्रथमच महाविद्यालयात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना दोन वर्षांपर्यंत ते माफ करण्याची सोयही राज्याच्या कायद्यात आहे.

इतके असूनही इथे शिकणे स्वस्त आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. महाविद्यालयाच्या आवारात वसतिगृह नाही आणि सभोवतालचे घरभाडे अमेरिकेतील सर्वांत चढ्या घरभाड्यांपैकी आहे. त्यामुळे पुष्कळ विद्यार्थी शेजारच्या सॅन होजे शहरातून येतात, आणि त्या शहराच्या पूर्वेकडील कष्टकरी वस्तीपासून थेट महाविद्यालयापर्यंत धावणारी २३ क्रमांकाची बस त्यांच्यापैकी कित्येकांना ग्रंथालयाइतकीच महत्त्वाची वाटत असेल. २०१९ साली राज्याच्या विधिमंडळात असे एक विधेयक आले होते की बेघर विद्यार्थ्यांना रात्री आपल्या मोटारीत झोपता यावे म्हणून कम्युनिटी कॉलेजांनी आपले वाहनतळ खुले ठेवावेत. ते कायद्यात उतरले नाही, पण असे विधेयक मांडावे लागले यावरूनच खर्चाचे खरे ओझे शुल्काच्या पावतीत नसून घरभाड्यात आहे हे उघड होते.

विद्यार्थ्यांच्या वैविध्याबाबतही वरवरचे आकडे फसवे आहेत. डी अँझात आशियाई वंशाचे विद्यार्थी सर्वांत जास्त, त्याखालोखाल लॅटिनो, म्हणजे स्पॅनिश वा पोर्तुगीज भाषक अमेरिकांशी नाते सांगणारे, अशी वर्गवारी दिली जाते. पण ‘आशियाई’ या एका रकान्यात तैवानी अभियंत्याची मुलगी, व्हिएतनामी निर्वासितांचा नातू, फिलिपिनो परिचारिकेचा मुलगा आणि नुकतीच पुण्याहून आलेली गृहिणी असे सर्वच जण बसवले जातात. व्हिएतनामबाहेर कोणत्याही एका शहरातील सर्वांत मोठी व्हिएतनामी वस्ती सॅन होजेत आहे, आणि तिथल्या अनेक घरांत महाविद्यालयात जाणारी ही पहिलीच पिढी असते. आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरील समाजांतील अशा विद्यार्थ्यांसाठी संघराज्य सरकारने अनुदान योजना आखली, तेव्हा २००८ साली ते मिळालेल्या पहिल्या मोजक्या संस्थांत डी अँझा होते. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांनाही, राज्यातील शाळेत किमान तीन वर्षे काढून शालान्त शिक्षण पुरे केले असल्यास, २००१ सालच्या कायद्यान्वये रहिवाशांचाच दर लागू होतो.

पटसंख्या मोजण्याची रीत थोडी समजून घ्यावी लागते. एकच विषय घेणारा आणि पाच विषय घेणारा असे दोघेही डोकी मोजताना सारखेच धरले जातात. अनुदानासाठी मात्र वर्षभरातील ५२५ अध्यापन तास मिळून एक ‘पूर्णवेळ समतुल्य’ विद्यार्थी धरतात. म्हणूनच नोकरी सांभाळून संध्याकाळी एखादा विषय शिकणाऱ्यांची गर्दी असली, तरी तिजोरीत त्या प्रमाणात भर पडत नाही. कोविडच्या साथीत राज्यातील कम्युनिटी कॉलेजांची पटसंख्या सुमारे पाचव्या हिश्श्याने घसरली आणि डी अँझालाही त्याची झळ बसली. याउलट २०२० च्या मार्चमध्ये स्थानिक मतदारांनी दोन्ही महाविद्यालयांच्या इमारतींसाठी ८९ कोटी ८० लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. इमारतींना पैसा मिळतो आणि विद्यार्थ्याच्या घरभाड्याला मिळत नाही, ही विसंगती अर्थातच डी अँझापुरती मर्यादित नाही.

सिलिकॉन व्हॅली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खोऱ्यातील मराठी कुटुंबांचा या महाविद्यालयाशी दोन वाटांनी संबंध येतो. एक म्हणजे शाळेत असतानाच एखादा महाविद्यालयीन विषय घेणारी मुले, ज्यांना मर्यादित श्रेयांकांपर्यंत शुल्क लागत नाही. दुसरी म्हणजे जोडीदाराच्या नोकरीमुळे ‘एच-४’ व्हिसावर आलेल्या सुशिक्षित स्त्रिया, ज्यांना नोकरीची परवानगी सहजी मिळत नसली तरी शिक्षण घेण्याची मुभा असते. भारतातून थेट विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला मात्र रहिवाशाचा दर मिळत नाही. त्याला कित्येक पट अधिक शुल्क भरावे लागते आणि दर तिमाहीला किमान १२ श्रेयांक घ्यावेच लागतात. इतरांनीही नाव नोंदवताना ध्यानात ठेवावे की रहिवासी ठरण्यासाठी संबंधित तिमाही सुरू होण्यापूर्वी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य झालेले असावे लागते, आणि त्याचा पुरावा विद्यार्थ्यालाच द्यावा लागतो.